तांब्याच्या ढोलाचं वर्ष

आमच्याकडे वर्षांना आकडे नसतात, नावं असतात. वर्ष सरताना राजा त्यातली एक मोठी घटना निवडतो आणि ते वर्ष कायमचं त्याच नावाचं होतं. त्यामुळे वर्षअखेरीला मन्नाशीच्या गुत्त्यात जवाच्या दारूपेक्षा वादच जास्त रंगत.

त्या वर्षी घडलंही पुष्कळ होतं. डोंगराकडच्या लोकांनी शेजारचं शहर जाळलं, चंद्राला ग्रहण लागलं, टोळधाड आली. समुद्राकडच्या कुण्या राजानं आमच्या राजाला हत्ती पाठवला, तो वाटेतच मेला.

"टोळांचं वर्ष ठेवतील," दारूच्या रांजणात सोडलेली पिण्याची नळी तोंडातून काढत शल्लुरुम म्हणाला.

"टोळ काय राजानं आणले? त्याचा मोठेपणा दिसेल असं काहीतरी लागतं," इब्बातुम म्हणाला. "तुझी अक्कल त्या हत्तीबरोबर वाटेतच राहिली वाटतं."

"कालव्याचं वर्ष ठेवतील," मन्नाशी म्हणाली. दोघांनीही मान खाली घातली.

कालवा राजाच्या हुकमानं खणायला घेतला होता. घराघरातून माणूस वेठीला गेला. मन्नाशीचा थोरला उबारुम गेला, आणि एका दुपारी काठ ढासळून सगळी तुकडी गाडली गेली. प्रेतंसुद्धा काढली नाहीत. काम तिथंच थांबलं. थडगं नाही म्हणून मन्नाशी दर अमावास्येला उंबऱ्यावरच पाणी ओतून त्याचं नाव घेई.

पण तिला धाकट्याची काळजी होती. नुरातुमचं नुकतंच लग्न झालेलं, सून पोटुशी. ज्या घरानं एकदा वेठ भरली त्याला पुढच्या वेठीतून सूट असे. ती मागायला वेठीच्या वर्षाचं नाव सांगावं लागे; नावातच कालवा असला तर वेठ कुणाला नाकारता आली नसती.

तिचा दीर एतेल-पी राजवाड्यात लेखनिक होता. नवरा गेल्यापासून तो आला की ती त्याला सुकी मासळी आणि जुनी, मुरलेली दारू वाढी.

"कालव्याचंच नाव लागेल, वहिनी. मी बघतो ना," तो बोटं चाटत म्हणे.

अखेर दवंडी पिटली गेली. चंद्रदेवाच्या मंदिरात राजानं तांब्याचा ढोल बसवला, त्याचं हे वर्ष. न वाहिलेल्या कालव्याचं नाव कुठला राजा घेईल? मन्नाशीला हे कळायला हवं होतं. पण आशा माणसाला खुळं करते.

महिन्याभरात नव्या कालव्याचा हुकूम निघाला. वेठीचा मुकादम दारात आला, बरोबर एतेल-पी.

"आमच्या घरची वेठ झालीय," मन्नाशी म्हणाली.

"कुठल्या वर्षी?"

"ढोलाच्या."

"त्या वर्षी ढोल बसवला, बाई. कालवा कुठं खणला?"

ती दिराकडे वळली. "भावजी, तुम्ही उबारुमचं नाव वेठीच्या पाटीवर लिहिलं होतं. माझ्यासमोर."

एतेल-पीनं पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. "त्या पाट्या कच्च्या मातीच्या होत्या, वहिनी. भिजवून परत मळल्या. वरून हुकूम होता."

"आणि तुम्ही मळल्यात."

"मी नाही तर दुसऱ्यानं मळल्या असत्या. मलाही पोरंबाळं आहेत."

"माझ्या मासळीनंच पोसलीत ती," मन्नाशी म्हणाली. तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण मुकादम उभा होता, आणि नुरातुमला त्याच्याच हाताखाली राबायचं होतं. तिनं तोंडातली थुंकी गिळली.

सून आत रडत होती. मन्नाशीनं फडक्यात जवाच्या भाकरी, कांदे आणि मूठभर खजूर बांधले. वेठीला कुदळ आपली न्यावी लागते.

"घरची कुठंय?" मुकादमानं विचारलं.

"तुम्ही न खणलेल्या कालव्यात," ती म्हणाली, आणि कुदळ मागायला शल्लुरुमच्या घरी गेली.