आमगावात हॉल्मग्राव

२०११ साली आमगावात हेवी मेटल ऐकणारे आम्ही दोघंच होतो. दुसऱ्याची नागपूरला बदली झाली. त्यानंतर मी एकटाच उरलो आणि या एकटेपणाचा मला फार अभिमान होता. ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. स्टाफरूममध्ये कुणी हिंदी गाणं गुणगुणलं, की मी हळूच हसायचो. त्या हसण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या वर्षी माझी मावसबहीण उर्वशी कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेली होती. चॉकलेट नको, रेकॉर्ड आण, असं मी तिला चार-पाच ईमेल करून सांगितलं. हॉल्मग्राव नावाचा स्वीडनचा बँड होता. त्यांनी सत्तर वादकांच्या ऑर्केस्ट्रासोबत एका थिएटरात कार्यक्रम केला होता आणि तो दोन मोठ्या तबकड्यांवर निघाला होता. उर्वशीने ती जड रेकॉर्ड साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणली.

"ऑर्केस्ट्रा म्हणजे गोंदियाले येते तसा का?" आईने विचारलं.

मी तिला व्हायोलिन, चेलो, कंडक्टर असं सगळं वीस मिनिटं समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे तसाच," ती म्हणाली. "फक्त नाचणारी बाई नाही."

माझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अशी वस्तू एकदा घरात आली, की बाकीचं आपोआप होईल असं मला वाटलं होतं. चार महिने मी नुसतं कव्हर वाचत होतो. सत्तर वादकांची नावं पाठ झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती रेकॉर्ड दाखवायचो, पण हात लावू द्यायचो नाही.

शेवटी मुन्नालालचं नाव कळलं. स्टेशनजवळ त्याचं मंडप-बिछायतीचं दुकान होतं. लग्नात भोंग्यावर रेकॉर्डी वाजायच्या त्या काळातला एक प्लेयर त्याच्या गोदामात पडून होता. त्याने त्याचा पट्टा बदलला, नवी सुई मागवली आणि एका दुपारी मला बोलावलं. गाद्यांच्या ढिगावर बसून मी हॉल्मग्राव ऐकला.

मी हादरलो. त्यांची मूळ गाणी माझ्याकडे कॉम्प्युटरवर होती, ती चांगली पळणारी होती. इथे सगळं संथ, जड आणि काळंकुट्ट होतं. गायकाचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. व्हायोलिनं हंबरत होती. मधे गायक लोकांशी काही बोलला, तेही इतकं सावकाश की मला त्यात गहिवर जाणवला. एक बाजू तेरा मिनिटांची, असं कव्हरवर छापलं होतं. माझ्या घड्याळात साडेसतरा झाली.

"सर, बराबर वाजून राहिलं ना?" मुन्नालालने विचारलं.

"हे असंच असतं," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी माझ्या ब्लॉगवर मोठा लेख लिहिला. ऑर्केस्ट्राच्या सान्निध्यात बँड प्रगल्भ झाला, वेगाचा मोह त्याने सोडला, असं त्यात होतं. तेराची साडेसतरा मिनिटं झाली, त्यावर एक वेगळा परिच्छेद होता: हे कलावंत छापील वेळेचे गुलाम नाहीत. लेख एकोणतीस जणांनी वाचला. त्यांतला मी स्वतः किती वेळा, ते सांगत नाही.

मग मला वाटलं, आमगावालाही याचा लाभ व्हावा. एका रविवारी सकाळी मी मुन्नालालच्या गोदामातच कार्यक्रम ठेवला. सतरंज्या त्याच्याच होत्या. बारा माणसं आली. स्टाफरूममधले सहा जण होते, त्यांत केमिस्ट्री शिकवणाऱ्या हर्षिता टेंभरे मॅडमही होत्या. खरं सांगायचं तर निम्मा कार्यक्रम त्यांच्यासाठीच होता. भजन मंडळात पेटी वाजवणारे डोमनलाल रहांगडाले पुढे बसले होते. गाण्याचा कार्यक्रम आहे, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी पंचवीस मिनिटं बोललो. संथपणाचं सौंदर्य समजावून सांगितलं. आपल्या कानांना घाईची सवय लागली आहे, असंही म्हणालो. मग सुई ठेवली आणि डोळे मिटून घेतले, कारण हर्षिता मॅडम बघत असतील अशी आशा होती.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या झाल्या, रेकॉर्डवरच्या. डोमनलालजींनी हात वर केला.

"सर, हे लोक टाळ्या अशा काऊन वाजवून राहिले?"

"कशा?"

"झोपेत वाजवल्यासारख्या. गाणारा पुढं-मागं करते, समजू शकतो. पण हजार माणसं एकदम आळशी कशी झाली?"

मी म्हणालो, तिकडचे श्रोते संयमी असतात. हे माझ्या तोंडून निघालं खरं. डोमनलालजींनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "बाजाही खाली बसला हाये," ते म्हणाले. "चार-पाच पट्ट्या उतरला हाये."

तेवढ्यात हर्षिता मॅडम उठून प्लेयरपाशी गेल्या. तबकडी थांबवून तिच्या मधल्या गोल कागदावर वाकल्या.

"सर, इथे मिनिटाला पंचेचाळीस फेरे लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि हा खटका तेहतीसवर आहे."

मुन्नालालने जीभ चावली. "आपल्या लग्नाच्या मोठ्या तबकड्या साऱ्या तेहतीसवरच चालत, सर. मले वाटलं, हे बी तशीच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेष्टेने बोलल्या नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"अकरावीला वर्तुळाकार गती तुम्हीच शिकवता ना?"

"हो," मी म्हणालो. मिनिटाला किती फेरे, हे गणित मी त्या मंगळवारीच फळ्यावर सोडवून दाखवलं होतं.

मुन्नालालने खटका सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. विहिरीतला माणूस वर आला. तो तरुण होता आणि चांगलाच मजेत होता. ढोल उधळले, त्यांच्यामागून व्हायोलिनं पळत सुटली. लोक खरोखरच्या टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. ज्या भाषणाने मला गहिवरून आलं होतं, तो एक विनोद होता. सगळं थिएटर त्यावर हसत होतं. गोदामातही हसू पसरलं. ते रेकॉर्डवर कमी आणि माझ्यावर जास्त होतं, पण त्यात मीही सामील झालो. दुसरा मार्गच नव्हता.

तासाभराने पोहे संपले आणि माणसं पांगली. ब्लॉगवरचा लेख मी संध्याकाळी काढून टाकतो, असं हर्षिता मॅडमना आपणहून सांगितलं. त्या म्हणाल्या, काढू नका, खाली दुरुस्ती लिहा. लेख त्यांनी वाचला होता, हे तेव्हा कळलं. मग त्याही निघाल्या.

डोमनलालजी मात्र बसून होते. "ते सारंग्यावालं एक बार लावा," ते म्हणाले. व्हायोलिनांना ते सारंग्या म्हणत होते. मी त्यांना सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिसरी बाजू लावली. ते मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होते, मधेच एका जागी थबकून म्हणाले, "वा." मुन्नालाल सतरंज्या गुंडाळायचं थांबवून दाराशी उभा राहिला. मी गाद्यांवर बसलो आणि ती सगळी बाजू गप्प बसून ऐकली. ती छान होती. का छान होती ते मला सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.