व्याह्यांच्या घरचा इसबगोल

पुंडलिक पेणला गणपतीच्या कारखान्यात बाप्पाचे डोळे आखायचा. नाजूक काम. दिवसभर मांडी घालून बसायचं, श्वास रोखायचा आणि ब्रश टेकवायचा. बसून बसून त्याचं पोटही तसंच मांडी घालून बसलं होतं. हलायचं नाव नाय. सकाळी संडासात तो इतका वेळ काढायचा की तिथंच डोळा लागून स्वप्न पडायचं: आपण मिठागरात उभे आहोत, भरती येते येते म्हणतात, आणि पाणी दूर चमकत राहतंय.

शेवटी ते बाप्पाच्या डोळ्यांत उतरलं. मालक सखाशेठ नव्या मूर्तींपुढे उभा राहिला. "पुंडलिक, बाप्पा हसायचा सोडून काळजीत का पडलाय रे? तुला जमत नसेल तर ब्रश विठूला देतो. तू उंदीर रंगव."

म्हणून पुंडलिकाने रोह्याला जाऊन इसबगोल आणला. पेणचा मेडिकलवाला औषध देताना रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं विचारायचा, "कोणाला होत नाय?" घरी येऊन त्याने तो भुसा स्टीलच्या डब्यात ओतला आणि खोका चुलीत घातला. संध्याकाळी चमचाभर पेल्यात टाकला की तो पाण्यात हळूहळू फुगायचा, ढगासारखा. ढगाकडे बघता बघता पुंडलिक पेंगायचा. पोटात काहीतरी कुजबुजायला लागलं होतं.

आणि एके दिवशी डबा रिकामा.

"हौसे, यातलं कुठं गेलं?"

"पोह्याचा चुरा ना? पापडात घातला. पीठ कमी पडत होतं," बायको म्हणाली. "काय गोळा झाला म्हणून सांगू! लाटायला घेतला की पोळपाटाखाली पळायचा. पापड असे पातळ, आरपार चांदणं दिसेल. सगळे रोह्याला आपल्या मैनाच्या सासरी धाडले."

"माझं औषध होतं गो ते."

"मग सांगायला काय तोंडबी तुंबलं होतं?"

पुंडलिक पुन्हा रोह्याला गेला. मेडिकल बंद, आठवड्याची सुट्टी. उन्हात भटकण्यापेक्षा लेकीला भेटू म्हणून तो मैनाकडे वळला.

तिथं सगळं घर कसं हलकं झालेलं. मैनाचे सासरे जगनराव धाटावच्या कंपनीत जन्मभर शिफ्टा करून आंबट तोंडाने रिटायर झालेले, ते झोपाळ्यावर डोळे मिटून गुणगुणत होते. विहीणबाई कृष्णाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडचे पापड आल्यापासून ह्यांनी कोणाला शिवी दिली नाय."

मैनाने ताटभर पापड तळून समोर ठेवले. पुंडलिकाने ताट हळूच मागे सरकवलं. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाय, हे त्याने लग्नात माईक हातात घेऊन सांगितलं होतं. कोणी विचारलं नव्हतं तरी.

"बाबा, एक तुकडा," मैना म्हणाली.

"नको गो. आमच्याकडची रीत हाय."

रीत ऐकून पोट आतून कण्हलं. जगनरावांनी एक डोळा उघडला. "व्याही, पापडाकडे असं का बघताय? लेक सासरी चालल्यासारखं?"

पुंडलिकाने त्यांच्या कानात सगळं सांगितलं. जगनराव आवाज न करता इतके हसले की झोपाळा आपोआप हलायला लागला.

"म्हणजे मी तुमचं औषध..."

"तळून खाल्लंत."

जगनराव उठले, पापड पेपरात गुंडाळले, पायात चपला घातल्या. "घर माझं हाय. स्टेशन तर रेल्वेचं हाय ना? चला."

रोहा स्टेशनच्या बाकावर दोघे व्याही बसले. पुंडलिक एकामागून एक पापड खात होता आणि जगनराव नळावरून बाटली भरून आणत होते. "पाणीबी सरकारी. प्या बिनधास्त. पाण्याशिवाय हे काम करत नाय, माझा अनुभव हाय." गाडी आली तेव्हा त्यांनी भरलेली बाटली खिडकीतून आत दिली, जसा काही आहेरच.

इसबगोलाला खरं तर अख्खी रात्र लागते. पण ज्याने इतकी वाट बघितली त्याच्यासाठी तो थोडी घाई करत असावा. नागोठणं गेलं. खिडकीतून पिवळं ऊन मांडीवर सांडलं. पुंडलिकाला गुंगी आली, आणि गुंगीतच वाटलं की आपल्या पोटात एक ढग फुगतोय, मऊ, निवांत, आणि हळूच खाली उतरतोय.

तो ताडकन जागा झाला. संडासाकडे धावला. आतून कडी. आतला माणूस कण्हत होता, आणि त्या कण्हण्यावरून पुंडलिकाला कळलं की हा गृहस्थ दिवा जंक्शनपर्यंत काही बाहेर येत नाय.

"पापड पाहिजे का?" त्याने दारातून विचारलं.

कासूला गाडी थांबली. पुंडलिक बाटली घेऊन उतरला, रूळ सोडून चालत सुटला आणि शेताच्या बांधाआड गेला. गाडी निघून गेली. मागं सगळं शांत झालं. बगळे भाताच्या खुंटांतून सावकाश पावलं टाकत होते, कोणालाच कुठं जायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने खिशातला फोन वाजला.

"अवो, गाडी तर येऊन गेली. तुम्ही कुठं?" हौसा विचारत होती.

"कासूला."

"कासूला काय हाय?"

पुंडलिकाने आभाळाकडे बघितलं. "सगळं हाय गो," तो म्हणाला.