बाबांच्या गाडीचा क्रँक

माझा नवरा आणि माझा दीर एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच ग्राइंडिंग मशीनवर काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नाही, पण माघार घेणार कोण? मापं मी घेते, त्यामुळे दोघांचे निरोपही माझ्याच गळ्यात.

अबोल्यातून एक पद्धत पडली होती. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, घासून मापात आला की त्याला तेल लावायचं. कोरडा दिसला तर दुसऱ्याने घासायला घ्यायचा. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

मग सासऱ्यांची जुनी गाडी आली. त्यांची नजर झपाट्याने जात होती आणि ती पूर्ण जायच्या आत त्यांना ही गाडी एकदा स्वतः चालवायची होती. इंजिन खोललं. क्रँक पार झिजलेला. एकदाच घासता येणार होता. त्याहून बारीक झाला तर बसणारं बेअरिंगच मिळत नाही. नवऱ्याने जिवापाड जपून घासला, तेल लावलं आणि जेवायला गेला.

मागून सासरे आले. डोळ्यांना दिसेना, म्हणून तेल पुसून त्यांनी क्रँकवर नख फिरवून पाहिलं. समाधान झालं, गेले. मग दीर आला आणि कोरडा क्रँक बघून त्याने मशीन सुरू केलं.

मी माप घेतलं, क्रँक मापापेक्षा बारीक झाला होता. मी दोघांना हाक मारली.

"तेल लावलं होतं मी!" नवरा ओरडला.

"कोरडा होता! आंधळा आहे का मी?" दीर त्याच्यावर चढला.

"मी पुसलं रे," सासरे दारातून म्हणाले.

वेल्डिंगने भर चढवून क्रँक पुन्हा घासण्यात बरेच दिवस गेले. एकाने भर घालायची, दुसऱ्याने क्रँक फिरवायचा. त्यामुळे "फिरव" आणि "थांब" एवढं तरी दोघांना बोलावंच लागलं. मला दोघांचा इतका संताप आला होता की ताटंही मी आपटूनच वाढली.

गाडी तयार झाली तेव्हा सासऱ्यांना किल्ली कुठे घालायची ते दिसेना. थोडा वेळ चाचपडले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तूच चालव. ते दोघं परत भांडतील."

मी गाडी रस्त्यावर काढली. ते शेजारी बसून इंजिन ऐकत होते.

"रस्ता मोकळा आहे का गं?"

समोर ट्रकांची ही रांग. माझा जीव तुटला.

"मोकळा आहे, बाबा."

"मग पळव की!"

मी क्लच दाबला आणि उभ्या गाडीतच ॲक्सिलरेटरवर पाय दिला. गाडी जागची हलली नाही, पण इंजिन गरजलं.

"हां, आता कशी!" बाबा म्हणाले.