माझ्या खडखडाटात झोपणारी आयत

मी एक जुना यंत्रमाग आहे. पुस्तकात मला यंत्रमाग म्हणत असतील, पण भिवंडीत त्या नावानं हाक मारलीत तर मी ओ देणार नाही. इथं मला लूम म्हणतात. धामणकर नाक्याच्या मागं एका अरुंद गल्लीत, पत्र्याच्या कारखान्यात मी उभा आहे. माझ्या पाठीमागं एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडं माझ्या मालकाचं, यहयाचं, घर आहे.

मित्रांनो, आधी थोडी बढाई ऐकून घ्या, कारण ती मारल्याशिवाय मला पुढचं सुचणार नाही. माझा सांगाडा बिडाचा आहे, अस्सल ओतशाळेतला. यहयाच्या वडिलांनी, फखरुद्दीनशेठनी, मला एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलं, तेव्हा मला टेम्पोतून उतरवताना हमालांचे खांदे सोलून निघाले होते. तुमच्या पँटच्या खिशाचं अस्तर, उशीचा अभ्रा, डॉक्टरांचा पांढरा कोट, यांतलं काही ना काही माझ्या अंगावरून उतरलेलं असणारच. कपडा घेताना तुम्ही रंग बघता, शिलाई बघता. विणलं कुणी, हे कुणी विचारत नाही. असो, मी मनाला लावून घेत नाही.

माझं काम सोपं आहे. उभे धागे ताणलेले असतात आणि लाकडी धोटा आडवा धागा घेऊन त्यांच्यातून इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची भरलेली कांडी असते. कांडी संपली की मी उपाशी. माझ्यासाठी या कांड्या भरायची जमिला, यहयाची बायको. घर आणि कारखाना यांच्या मधल्या दाराशी बसून ती कांड्या भरायची, टोपलीत टाकायची आणि पायाच्या अंगठ्यानं झोळीची दोरी ओढत राहायची. झोळीत धाकटी आयत. मोठा हमजा शाळेतून आला की दप्तर माझ्याच बाकड्यावर आदळायचा. त्याला ओरडायचं काम माझ्याकडं नव्हतं, नाहीतर मी सोडलं नसतं.

माझ्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून यहया आणि जमिला नुसत्या ओठांवरून एकमेकांचं बोलणं ओळखायचे. कामगार पंढरीकाका समोर उभे असायचे आणि त्यांना पत्ता नसायचा की नवराबायकोचं भांडण होऊन मिटलंसुद्धा. पंढरीकाका अंबाडीकडचे. फखरुद्दीनशेठच्या काळापासून ते माझ्यावर शिफ्ट करतात आणि मला तेल घालण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

एका सकाळी हमजाचा डबा भरता भरता जमिला खाली कोसळली. यहयानं तिला उचलून रिक्षात घातलं, पण दवाखान्यात पोचायच्या आतच ती गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तिला आदल्या दिवशी साधी शिंकही आली नव्हती.

पंढरीकाकांनी माझा दांडा खाली ओढून मला बंद केलं. आमच्या गल्लीत कुणी गेलं की सगळे आपापले लूम बंद ठेवतात, तशी रीतच आहे. कुणी कुणाला सांगायला जात नाही. एकामागोमाग एक कारखाने गप्प झाले आणि गल्लीत चपलांचे आवाज ऐकू येऊ लागले. मला वाईट वाटलं, मित्रांनो. लोखंडाला वाईट वाटत नाही असं समजू नका. माझ्या पोटात घालायला आता कोण कांडी भरणार, असं मला वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली.

शोकाचे दिवस सरले. शेजारचे लूम सुरू झाले, पण मी बंदच. यहया रोज येऊन माझ्याजवळ उभा राहायचा. एकदा पंढरीकाका म्हणाले, "यहयाशेठ, चालू करू का? उभ्या सुताचा बीम तसाच लावलेला हाय."

यहयानं टोपलीकडं बोट दाखवलं. टोपली भरलेली होती. "काका, ह्या कांड्या तिच्या हाताच्या आहेत. वापरल्या की संपल्या."  पंढरीकाकांनी टोपलीवर एक फडकं टाकलं.

इकडं आयतनं झोप सोडली होती. दोन वर्षांची पोर डोळे तारवटून रडायची, खायला द्यावं तर थुंकायची. शेजारच्या लूमचा आवाज भिंती ओलांडून यायचा, पण तो लांबून. घर मात्र चिडीचूप होतं. येणारी माणसं दबक्या आवाजात बोलायची, पोरीला खांद्यावर घेऊन शू शू करायची, दार लोटून घ्यायची. सगळ्यांचं एकच मत, की आईसाठी झुरतेय. मौलानांकडून पाण्यावर दुआ फुंकून, दम करून आणलं, ते पाणी पाजलं, गुण आला नाही.

शेवटी यहयाची मोठी बहीण उज्मा कशेळीहून आली. ती मायाळू आहे, पण एकदा ठरवलं की तिचं ठरलं. "यहया, आयतला मी नेते," ती म्हणाली. "तुझी शिफ्ट, तुझा कारखाना. पोरीची जात, आईविना कशी वाढवशील तू? हमजालाही परीक्षेनंतर पाठव."

"आपा, माझी पोरं आहेत ती."

"मग झोपव ना तिला. झोपवून दाखव."

यहयाला ते जमत नव्हतं. त्यानं आयतचे कपडे स्वतःच्या हातानं पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी आणून ठेवली. त्या दिवशी आयत जाणार, परीक्षेनंतर हमजा जाणार आणि माणूस एकटा उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी एवढा बिडाचा असून काही करू शकत नव्हतो.

उज्मा कशेळीला निघायच्या तयारीत होती, आणि पंढरीकाका माझ्यावर बोट फिरवत होते. बोटाला तांबडं लागलं. गंज! त्यांना राग आला. "शेठ, रागवायचं तर रागवा. पन लूम असा ठेवला तं जाम होईल. मी जरा फिरवून बघतो, दोन धागं, बस." त्यांनी मला तेल पाजलं, टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, जमिलानं भरलेली एक कांडी धोट्यात घातली आणि दांडा ओढला.

मी सुरुवातीला कण्हलो, एकदा अडखळलो, आणि मग सुटलो. खट-खटाक, खट-खटाक. पत्रे हलले. दाराशी उज्माच्या कडेवर आयत हात पाय झाडत होती. ती रडायची थांबली. माझ्याकडं बघत राहिली, तिनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि आत्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली. अशी झोपली की तिच्या तोंडातून लाळ गळून उज्माची ओढणी भिजली.

उज्मा ओरडून विचारत होती, "काय झालं हिला?"  यहया पोरीकडं बघत खाली बसला. जन्मल्यापासून जी पोर माझ्याशेजारी झोपली, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून शांततेत ठेवलं होतं. तिची आई गेली आणि त्याच दिवशी तिचं अंगाईगीतही बंद झालं. पिशवी दाराशी होती, ती उज्मानं स्वतः उचलून आत नेली.

यहयानं मला पुन्हा बंद केलं नाही. जमिलानं भरलेल्या सगळ्या कांड्या मी विणल्या, एकही वेगळी काढून ठेवली नाही. धागा तुटू न देता विणल्या, हे मी छाती फुगवून सांगतो. शेवटच्या कांडीच्या वेळी यहया माझ्याजवळ उभा राहून रडला. मोठ्यानं, तोंड उघडून रडला. घरात मुलं असायची, बाहेर लोक असायचे, त्याला रडायला जागाच नव्हती. माझ्या आवाजात त्याला आडोसा मिळाला. मी अनेक वर्षं कापड काढलं, पण त्या दिवसाइतका उपयोगी मी कधी पडलो नव्हतो.

पुढं तो कांड्या भरायला शिकला, भाकऱ्या शिकला, वेण्या शिकला. वेणीची रिबीन मात्र त्यानं तुटलेला धागा जोडतात त्या गाठीनं बांधली. ती गाठ सुटण्यासाठी नसतेच! संध्याकाळी हमजानं कात्री आणली आणि आयत रिबिनीसकट केसांची एक बट गमावून बसली. आयत पहिलीत गेल्यावर टीचरनी यहयाला बोलावून घेतलं. मुलगी फार ओरडून बोलते, घरी भांडणं होतात का, असं त्यांनी विचारलं. यहयानं ते पंढरीकाकांना हसत हसत सांगितलं. "मी बोललो, टीचर, घरात लूम आहे. हळू बोललं तर आमच्यात कुणी कुणाचं ऐकत नाही."

गेल्या जुमेरातीची, म्हणजे गुरुवारची गोष्ट. आमची गल्ली जिथं संपते तिथं कबरस्तान आहे. जमिला तिथंच आहे. उज्मा आयतला घेऊन कबरस्तानाच्या भिंतीकडेनं येत होती आणि आयत सवयीप्रमाणं ओरडून काहीतरी सांगत होती. उज्मानं तिला दटावलं, इथं आवाज करायचा नसतो. आयत तिथून गप्प झाली ती कारखान्यात येईपर्यंत. आल्यावर तिनं बापाचा शर्ट ओढला.

"अब्बा, तिथं आवाज करत नाहीत?"

"नाही बेटा."

"मग अम्मीला झोप कशी येते?"

यहयानं हातातली कांडी टोपलीत ठेवली. पंढरीकाका पलीकडं बघायला लागले. मग यहयानं खूण केली, लूम चालू ठेवा, आणि हमजा-आयतला दोन्ही हातांना धरून तो बाहेर गेला. मी चालत राहिलो. इतका जपून मी आयुष्यात चाललो नसेन.

थोड्या वेळानं आयत पळत आत आली आणि पंढरीकाकांच्या कानाशी किंचाळली, "काका, तिथं ऐकू येतं! भिंतीपाशी उभं राहिलं ना, की आपला लूम ऐकू येतो!"

मागून आलेला यहया डोळे पुसत म्हणाला, "काका, एवढी वर्षं तिथं जातो. सवयीनं कधी कानावरच आलं नव्हतं." आता गल्लीत एवढे लूम, त्यांतला कुणाचा आवाज तिथवर गेला हे कोण सांगणार? पण आयत 'आपला' म्हणाली, म्हणजे तो माझाच.

म्हणून मित्रांनो, एखाद्या घरातलं माणूस असं अचानक गेलं, तर तिथं नुसते दबकून बसून येऊ नका. भांडी वाजू द्या, पोरांना मोठ्यानं बोलू द्या, रडणाऱ्याला आडोसा द्या. आणि माझ्यासारखं जुनं यंत्र कुठं उभं दिसलं तर त्याला गंजू देऊ नका, वेळच्या वेळी तेल घाला. मला तर आता बंद पडून चालणारच नाही. माझ्या आवाजावर या घरातली चार माणसं झोपतात, तीन भिंतीपलीकडं आणि एक गल्लीच्या टोकाला.