पाच वाजेपर्यंतचा चेहरा

कात्रीची आई फोटो स्टुडिओत चेहरे साफ करायची. साफ म्हणजे किती साफ, तर एका पहिलवानाच्या नाकावरची चामखीळ तिने फोटोतून अशा सफाईने उडवली, की तो फोटो बघून त्याची बायको त्यालाच दार उघडेना. म्हणाली, आमचे हे बाहेर गेलेत, ते आले की या. खोटं वाटत असेल तर पहिलवानाला विचारा, अजून पायरीवरच बसलाय बिचारा.

कात्री ही तिची पंधरा वर्षांची लेक. ती फोटो सरळ रेषेत कापायची आणि माणसांना तिरकस बोलून कापायची, म्हणून बाबांनीच हे नाव ठेवलेलं. तेरावं लागलं तशा तिच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या, नाक कुणाला न विचारता पुढे आलं. मग आईच्या खुर्चीमागे उभं राहून शिकलेली विद्या तिने स्वतःवरच चालवली. आधी पुटकुळ्या गेल्या, मग नाक निम्म्यावर आलं, मग हनुवटीला टोक आलं. मूळ फोटो तिने पुसून टाकले. वाचनालयाचं कार्ड, बसचा पास, जिकडे तिकडे एक गुळगुळीत मुलगी हसत होती. वेणीसुद्धा कात्री आरशाकडे पाठ करून घालायची.

आणि मग परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला.

फॉर्म घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी फोटो बघितला, कात्रीला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ही कोण?"

"मी."

"मग तू कोण?"

"बाई, मीच ती."

"हे बघ, परीक्षेला ही मुलगी आली तर तिला बसवतील आणि तुला हाकलतील. दुसरा फोटो आण. पाचला खिडकी बंद होते. वर्ष घालवायचं असेल तर घालव, माझ्या काय बापाचं जातंय?"

कात्रीच्या तोंडचं पाणी पळालं. घरातल्याच स्टुडिओत आली तर बाबा दोन्ही कॅमेरे घेऊन कुठल्याशा कारखान्यात गेलेले, सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो काढायला. फोन तेव्हा नुसते बोलण्यापुरते होते. आईपुढे गिऱ्हाइकांची ही गर्दी. आणि खरं सांगायचं तर कात्रीला कॅमेऱ्यासमोर बसायचंच नव्हतं. तेव्हा तिने असा उद्योग केला, जो चेहरे साफ करणाऱ्यांच्या घराबाहेर कुणालाही सुचला नसता. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तोच गुळगुळीत फोटो उघडून, काढलेलं सगळं ती परत घालायला बसली.

कुठे काय होतं ते आठवायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. मामेभाऊ म्हणाला होता, "तुझं नाक आधी येतं, तू मागून येतेस." तिने नाक तसं केलं. वर्गातली एक जण म्हणाली होती, डोळे आहेत की बटणाची भोकं. तिने डोळे तसे केले. पुटकुळ्या एकेक करत अकरा लावल्या, ओठ जाड केला. संपलं तेव्हा तिने पडद्यावरच्या मुलीकडे बघितलं. शंका म्हणून आली नाही. हीच ती, तिला वाटलं.

चार वाजता बाईंनी तो फोटो हातात घेतला आणि चष्मा काढून पुसला.

"अगं, हे कुणी केलं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "ही पण तू नाहीस."

"आहे! अशीच आहे मी."

"कोण म्हणालं?"

"मग मी कशी आहे, बाई?"

"ते मी सांगायचं?"

"आटप गं ताई," मागून कुणीतरी ओरडलं, "स्वतःचं तोंड पाठ नाही का तुला?"

रांग खो खो हसली. कात्री पळत सुटली, ती थेट आईपुढे उभी.

"आई, मी कशी दिसते?"

"छानच दिसतेस."

"छान नको सांगूस! कशी दिसते ते सांग."

आईने वर पाहिलं. म्हणाली, "नाक..." आणि थांबली. तिची नजर लेकीच्या गालावर टेकली आणि माउसवरचं बोट आपोआप दोनदा टकटकलं. ते कात्रीने बघितलं. बाईंना माहीत नाही, आईला माहीत नाही, तिला स्वतःला माहीत नाही. मग विचारायचं कुणाला? ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली.

साडेचारला बाबा आले. भानगड ऐकून त्यांनी खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. "बस स्टुलावर. डोळे पूस."

"नाही पुसत. काढा."

खटकन फोटो निघाला. आईने तो पडद्यावर घेतला, आणि कुणाची पापणी लवायच्या आत गालावरची एक पुटकुळी गायब.

कात्रीने तिचं मनगट धरलं. "आई, हात काढ! राहू दे मला!"

"अगं, सवयीने गेला हात. एवढीशी तर होती."

"असू दे. माझी आहे ना!"

आईने पुटकुळी होती तिथे ठेवली. फोटो छापून निघाले, ते कात्रीने डोळे मिटून कापले आणि जन्मात पहिल्यांदा वाकडे कापले. मग ती अशी धावली, की रस्त्यातल्या सायकली मागे पडल्या म्हणतात. आई एका पायात चप्पल घालून मागे.

पाचाला दोन मिनिटं कमी. बाईंनी फोटो बघितला आणि डिंक लावून चिकटवला.

"सही कर. अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर."

आता बघावंच लागणार होतं. लाल नाक, सुजलेले डोळे, गालावर तीन पुटकुळ्या. गुळगुळीत मुलगी नव्हती ही, आणि ती दुसरीही नव्हती. हिला कात्रीने कधी पाहिलंच नव्हतं.

"काय झालं? आवडला नाही?"

"नाही."

"न आवडू दे. तूच ना ही?"

"बहुतेक."

"बहुतेक इथे चालत नाही, बाळ. होय की नाही?" बाईंचा एक हात खिडकीच्या झडपेवर गेला होता.

कात्रीच्या डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. मागे आई धापा टाकत उभी होती.

"होय," कात्री म्हणाली, आणि रडू आवरत नव्हतं तरी तशीच वाकून तिने सही केली, अर्धी कागदावर, अर्धी त्या मुलीच्या खांद्यावर.