पाटलाच्या सरबतातला बर्फ

भाऊराव मास्तरांना त्या दिवशी पुष्कळांची किळस आली, पण सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या जिभेची. ते कसं झालं ते सांगायचं तर आधी मोतीरामची ओळख हवी.

मोतीराम म्हणजे देवी डॉक्टर. डॉक्टर आपलं म्हणायला. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस तो. दर साली शिमगा सरला की मेहकरच्या पहिल्या गाडीनं थर्मास घेऊन गावात उतरे. थर्मासात बर्फ, बर्फात लसीच्या नळ्या. वरच्या आळीतल्या पोरांच्या दंडावर टोचलेलं टरारून फुले आणि खपली पडली की रुपयाएवढी खूण राही. खालच्या बौद्ध वस्तीत तोच मोतीराम, तीच लस, आणि दंडावर उठे काय, तर मच्छर चावल्यागत लाल ठिपका. दुसऱ्या दिवशी तोही गायब. मागच्या साथीत वस्तीतली दोन लेकरं गेली. दोघांनाही टोचलेलं होतं. यंदा शेजारच्या गावात देवी आल्या होत्या, आणि बौद्ध वस्तीतच राहणाऱ्या मास्तरांची पोर अजून पाळण्यात होती.

म्हणून शहरातून डॉक्टरसाहेब जीपनं आले तेव्हा मास्तरांना फार बरं वाटलं. गरीब वस्त्यांत लस का लागत नाही, याचाच साहेबांना अभ्यास करायचा होता. वऱ्हाडी बोली त्यांना नीट कळेना, तेव्हा मास्तरांनाच दुभाषी म्हणून बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी साहेब वस्तीत खाट टाकून बसले आणि तानाबाईला, म्हणजे वस्तीतल्या म्हाताऱ्या सुईणीला, विचारू लागले.

"टोचल्यावर दंडाला शेण लावता का?"

"शेण भिताडाले लावतो साहेब. लेकराले काऊन लावू?"

"देवीचा कोप होईल अशी भीती वाटते?"

तानाबाई हसली. "कोणती देवी? आमचे देव तं आम्ही टोपल्यात भरून पैनगंगेत सोडले. वरच्या आळीले इचारा, त्यायच्या घरी आहेत अजून."

हे साहेबांनी लिहून घेतलं नाही. आंघोळ रोज करता का, दारू पिता का, भाजी खाता का, सगळं विचारून झालं. लस वस्तीत कशी पोचते, हे तेवढं विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव पाटलांच्या ओसरीवर टोचणी सुरू झाली. रिवाज ठरलेला. आधी पाटलाचं घर, मग त्यांचे भाऊबंद, मग माळी, मग धनगर, आणि ऊन डोक्यावर आलं की खालची वस्ती. अर्जुनराव तसे पाहुणचाराला मोठे. साहेबांसाठी लिंबाचं सरबत आलं. अंगणात उभ्या मास्तरांनाही मिळालं, वळचणीला खोचून ठेवलेल्या जर्मनच्या पेल्यात. त्या पेल्याची मास्तरांना सवय होती. सवय होती याचीच त्यांना शरम वाटे. पण सकाळपासून घसा कोरडा होता, त्यांनी पेला तोंडाला लावला. सरबत गारेगार होतं. बर्फाचा खडा जिभेवर आला तो त्यांनी मजेत चघळला.

मग त्यांच्या मनात आलं, या गावात बर्फ कुठला?

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. मोतीराम थर्मास उपडा करून पातेल्यात बर्फ काढत होता. लसीच्या नळ्या बाजूला, उन्हाच्या तिरपीत, रिकाम्या ताटलीत पडल्या होत्या.

"अजून टाक ना बे," पाटील म्हणत होते, "साहेबाच्या गिलासात पाह्य, इरघळून गेला."

मास्तरांनी खडा थुंकून टाकला. दर साली हेच होत होतं तर. पाहुण्यांचे घसे थंड होत होते आणि वस्तीच्या पोरांना उन्हानं मेलेली लस टोचली जात होती. आणि आज आपणही त्यातलाच घोट घेतला.

ते पायरीपाशी गेले आणि साहेबांना सरळ म्हणाले, "साहेब, तुमच्या अभ्यासाचं उत्तर तुमच्या हातात आहे. लसीचा बर्फ आहे तो."

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग नळ्यांकडे. त्यांना कळलं नाही असं मुळीच नाही. चांगलं कळलं. उरलेलं सरबत संपवून त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. "मास्तर, आमचा अभ्यास लोकांच्या सवयींवर आहे."

"मग पाटलांची ही सवय लिहा."

अर्जुनराव नुसते हसले. "मास्तर, ऊन लागलं तुमाले. सावलीत बसा."

नळ्या पुन्हा कोरड्या थर्मासात गेल्या आणि सगळे वस्तीत उतरले. मास्तरांची बायको पंचफुला पोरीला न्हाऊ घालून दारात उभी होती. मोतीरामनं पोरीचा दंड धरला.

"हात सोड तिचा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्हीच नाही म्हणता तं बाकीचे काय म्हणतीन?"

बाकीचेही तेच म्हणाले, कारण मास्तरांनी सरबताची सगळी हकीकत तिथंच सांगितली. बायांनी लेकरं पदराखाली घेतली. साहेबांनी पेन काढलं आणि मोठ्या सौजन्यानं विचारलं, "नकाराचं कारण काय लिहू? धर्म, भीती की अज्ञान?"

"बर्फ लिहा."

साहेबांनी 'अज्ञान' लिहिलं. "शिकलेल्या माणसानंच असं करावं," असं म्हणून मान हलवली आणि जीपमध्ये बसले. त्या माणसाच्या तोंडावर थुंकावं असं मास्तरांना वाटलं. नोकरी सरकारी होती, म्हणून त्यांनी थुंकी गिळली, आणि त्याचीही त्यांना घाण वाटली.

"काय लिवलं जी त्यानं?" पंचफुलानं विचारलं.

"आपल्याले काही समजत नाही, असं लिवलं."

"लिवू द्या. पोरीचं काय करता?"

"मेहकरले नेतो. दवाखान्यातच टोचून आणू. ज्याले याचं त्यानं यावं संगं."

बायांनी भाकरी बांधायला घेतल्या. तानाबाईनंही नातवाला कडेवर घेतलं, चार पावलं टाकली आणि थांबली.

"मास्तर, मेहकरले लसीचा थर्मास पयले कोणाच्या घरी उघडते?"

मास्तरांनी पोरीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि ते चालू लागले.