गुहेची वाट मला पाठ होती

मी एक म्हातारी खेचर आहे. आई घोडी आणि बाप गाढव, त्यामुळे मला पोरंबाळं नाहीत. दालचिनीच्या रंगाची म्हणून माझं नाव कानेला; आमच्याकडे दालचिनीला तसंच म्हणतात. आता पुढचे गुडघे नीट वाकत नाहीत, दात झिजलेत, पण आयुष्यात चाललेली एकही वाट मी विसरलेले नाही. मित्रांनो, माझं सगळं दुःख त्यातूनच आलं.

माझा जन्म कोलंबियाच्या डोंगरातल्या एका कॉफीच्या मळ्यात झाला. चार वर्षांची असताना बेलार्मिनाने मला विकत घेतलं. तिचा नवरा समुद्रकिनाऱ्यावर कामाला गेला तो परतलाच नव्हता. ती माझ्या पाठीवरून कॉफीची पोती खाली न्यायची आणि मीठ, सिमेंट, रॉकेल वर आणायची. खेचर हाकणारी बाई आमच्याकडे दुसरी नव्हती. दुकानाशी बसलेले बाप्ये तिला चिडवायचे.

"काय गं बेलार्मिना, तू खेचरीला हाकतेस की ती तुला?"

"तीच मला हाकते. म्हणून तर आम्ही तुमच्याआधी पोचतो."

तिने मला एक गोष्ट शिकवली. तीनदा एखाद्या वाटेने नेलं की चौथ्यांदा मी एकटी जायचे. ती माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणायची, "हो पुढे, मी येतेच." मी कॉफीच्या वखारीशी जाऊन गुपचूप उभी राहायचे. लोक कौतुक करायचे. ही खेचर कसली, हे तर टपालखातं आहे, असं म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आमच्या भागात बंदूकवाल्यांची नावं कुणी घेत नसे. रानात राहून सरकारशी लढणारे ते 'वरचे', आणि फौजेतले ते 'खालचे'. एका सकाळी वरच्यांचा पुढारी फेर्ने आमच्या अंगणात आला. तो शेजारच्याच वस्तीत वाढलेला होता. टोपी काढून बसला, गुळाचं गरम पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकू, दर गुरुवारी तुमची खेचर लागेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"नाही म्हणू नका, काकू. मला वाईट वाटेल."

बेलार्मिना त्याच्या कमरेच्या पिस्तुलाकडे बघत राहिली. तोच पुढे म्हणाला, "ती एकटी जाते म्हणे. तुम्ही फक्त तीन गुरुवार या. वाट शिकवा."

तिने शिकवली. नदीच्या धक्क्यापासून बांबूच्या बनातून वर, ओढा ओलांडून, एका मोठ्या गुहेपर्यंत. माझ्या पाठीवर केळीच्या पानांत आणि गोणपाटात गुंडाळलेली लांब ओझी असायची. त्यांना तेलाचा वास यायचा. ओझं म्हणजे ओझं, एवढंच मला कळत होतं. गुहेत भिंतीला बंदुका रांगेने टेकवून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यामागे पेट्यांची चळत होती. ते वरच्यांचं कोठार होतं.

ते कोठार सांभाळायचे लेओनिदास मास्तर. गावात त्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. यंत्रांत हात चालतो म्हणून वरच्यांनी त्यांना बंदुका दुरुस्त करायला उचलून आणलं होतं. इथेच दगडावरून पडून त्यांचा पाय अधू झाला होता.

पहिल्या गुरुवारी बेलार्मिनाने त्यांना ओळखलं. "मास्तर, तुम्ही इथे?"

"पंधरा दिवसांच्या कामासाठी आणलंय मला."

"अहो, तुमचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली."

"यांचे दिवस जरा मोठे असतात, बाई."

ती हसली, मग तिला हसल्याचं वाईट वाटलं. तिने कमरेच्या पिशवीतली मक्याची भाकरी काढून त्यांना दिली.

पुढे मी एकटीच जाऊ लागले. मास्तर दर वेळी लंगडत बाहेर यायचे आणि तळहातावर गुळाचा खडा धरायचे. खोगिराचा पट्टा माझ्या छातीला काचायचा. त्यांनी आपल्या घोंगडीचा तुकडा कापून पट्ट्याला आतून शिवला. इतके बारीक टाके मी कधी पाहिले नव्हते. शिवता शिवता ते म्हणाले, "कानेला, एवढं सामान आहे इथे, पण सदऱ्याला लावायला एक बटण नाही."

दोन वर्षं गेली. उन्हाळ्यात खालचे आले. गुरुवारी एकटीच जाणारी खेचर कुणाच्या तरी बोलण्यातून त्यांना कळली होती. त्यांच्या तरण्या लेफ्टनंटने मला शाळेच्या आवारात बांधलं आणि दोन दिवस चारा दिला नाही. बेलार्मिना उसाचे शेंडे घेऊन आली, तर तिला फाटकातच अडवलं.

"साहेब, मुकं जनावर आहे. त्याचा काय गुन्हा?"

"गुन्हा काहीच नाही, बाई. पण ते मला खोटं सांगणार नाही. तुम्ही सांगाल."

गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्यावर रिकामं खोगीर चढवलं आणि धक्क्यावर नेऊन सोडलं. दोन शिपायांनी बेलार्मिनाला दंडांना धरून ठेवलं होतं. "कानेला, घरी चल," ती सारखी म्हणत होती. "घरी चल, बाळा." माझे कान तिच्याकडे वळले. पण पाठीवर खोगीर होतं, पोटात आग होती आणि पाय कधीच चालू लागले होते.

बांबूच्या बनाशी वाट फुटते. एक फाटा आमच्या घराकडे जातो, एक गुहेकडे. तिथे मला मागून अनोळखी माणसांच्या घामाचा वास आला. खूप माणसं होती. मी थांबले. मित्रांनो, मी थांबले होते, हे मला इतकी वर्षं कुणाला तरी सांगायचं होतं. मागे कुणीतरी कुजबुजलं, "थांबली रे." मग माझ्या मांडीवर एक दगड बसला. मी पुढे निघाले, आणि पाय गुहेच्याच वाटेला लागले.

पहारेकरी चाहूल लागताच रानात पळाले. मास्तरांना पळता येत नव्हतं. ते नेहमीसारखे हात पुढे करून बाहेर आले. "आज लवकर आलीस गं," म्हणाले, आणि मग त्यांना माझ्या मागची माणसं दिसली. ते जवळच्या दगडावर खाली बसले. गूळ हातातून पडला.

"मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो," ते लेफ्टनंटला म्हणाले.

"मग ही कसली यंत्रं?"

मित्रांनो, मी तो मातीत पडलेला गूळ खाल्ला. दोन दिवसांची उपाशी होते.

त्या बंदुका मीच खाली आणल्या. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या चादरींवर त्या ओळीने मांडल्या. मागे मास्तरांना उभं करून फोटो काढले. शस्त्रकोठाराचा प्रमुख पकडला, असं पेपरात छापून आलं. त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली.

मैदान रिकामं झालं, फौज निघून गेली. पुढच्या रविवारी फेर्ने आमच्या अंगणात उभा होता. या वेळी त्याने टोपी काढली नाही.

"काकू, वाट कुणी दाखवली?"

बेलार्मिनाचा हात माझ्या मानेवर होता. 'खेचरीने', एवढंच तिने म्हटलं असतं तर ते खरंच होतं. त्याने मला गोळी घातली असती आणि तिचं घर राहिलं असतं.

"तिला वाट शिकवायला तूच सांगितलंस, फेर्ने," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर मी शिकवली. आता कुणाला मारायचं ते तूच ठरव."

तो जायला वळला. मग म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत गाव सोडा. दोघीही."

तिने एक गादी, एक पातेलं आणि दोन कोंबड्या माझ्यावर लादल्या. घरामागच्या तिच्या तुकड्यातली फळाला आलेली कॉफी तशीच झाडांवर राहिली. शहराच्या कडेला, डोंगरउतारावर, आमच्यासारखीच हाकलून दिलेली माणसं झोपड्या बांधून राहत होती. तिथे आम्ही जागा धरली. ट्रक चढत नाही अशा गल्ल्यांतून मी वाळू आणि विटा वाहू लागले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बेलार्मिना तुरुंगात मास्तरांना भेटायला जायची. तिसऱ्या वर्षी एका रविवारी ती लवकर परतली आणि माझ्याशेजारी विटांच्या ढिगावर बसली.

"मास्तर गेले गं," ती म्हणाली. "छातीत पाणी झालं होतं." तिने माझ्या खोगिराचा पट्टा सैल केला. "मी दर खेपेला त्यांना सांगायची, कानेलाचा दोष नाही हो मास्तर. ते म्हणायचे, दोष कसला बाई, गुरुवार होता, ती आली."

मित्रांनो, आम्ही शिकवलेलं विसरत नाही. आम्हाला विसरता येतच नाही. म्हणून एखाद्या जनावराला वाट शिकवाल, तेव्हा ती कुठे पोचते ते आधी स्वतः जाऊन बघा, आणि त्याच्या पाठीवर काही ठेवाल तर ते आधी उघडून बघा. आम्हाला विचारता येत नाही. पुठ्ठ्यावर थाप पडली की आम्ही निघतो.